दाब, धर, सोड

म्हाळू गेल्याचं मला फोनवर कळलं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या आमच्या घरी सकाळी फोन वाजला, पलीकडे त्याची बायको, पारूवहिनी. "भावजी, ह्ये गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "गाडीत?" त्या म्हणाल्या, "न्हाई. बाजंवर. च्या मागितला, म्या आत गेले, भाईर येतीय तवर..." मला मात्र, खरं सांगतो, आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं. माणूस गेला तो गेलाच, पण त्या ट्रकनं त्याला नेलं नाही. ही भीती कित्येक वर्षं माझ्या पोटात होती आणि ती मी कुणापाशी बोललो नव्हतो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझ्या त्या एका शब्दाचा अर्थ सांगायचा तर ट्रकची गोष्ट सांगायला हवी, आणि ट्रकची गोष्ट म्हणजे म्हाळूचीच गोष्ट.

म्हाळू वडगाव रासाईचा, मी खुटबावचा. मधे भीमा. त्यांची धनगरांची वस्ती आमच्या लहानपणापर्यंत जमिनीवर बऱ्यापैकी स्थिरावली होती, ऊस-कांदा करत होती, पण मेंढ्या काही सुटल्या नव्हत्या. रब्बीच्या पेरणीआधी आमच्या रानात त्यांचा कळप बसायचा. म्हणजे रात्रीचा मुक्काम मेंढ्यांनी आमच्या शेतात करायचा, लेंड्यांचं खत आम्हाला आणि त्याबदल्यात धान्य त्यांना. आमच्या आप्पांनी पायली भरायची आणि म्हाळूच्या वडिलांनी "आप्पा, हात जरा सैल ठिवा की" म्हणायचं, असा तो दरवर्षीचा सोहळा असे. तो चालू असताना आम्ही दोघं बांधावर बसून कोकरांना नावं ठेवत असू. पुढे मी आयटीआय करून रेल्वेत डिझेल फिटर झालो आणि म्हाळूनं मला नावानं हाक मारणं कायमचं सोडलं. भर बाजारात, माझ्या लग्नात, माझ्या साहेबासमोर, सगळीकडे "ए फिटर!" त्याचा आवाज चार शेतं ओलांडून जाणारा. त्यामुळे शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत मला माझ्या नावानं ओळखणारी माणसं आजही कमीच आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्यांच्या भावकीतली बरीच घरं कोकणात जायची थांबली होती, म्हाळूचा वाडा मात्र दिवाळी झाली की निघायचा. हा वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढ्या, कोकरं, सामान लादलेली घोडी, कुत्री, बायकापोरं असा सगळा चालता संसार म्हणजे वाडा. तो घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचा. म्हाळूची आई, ठकाआई, लग्न झाल्यापासून एकही वर्ष न चुकता चालत गेलेली. त्या वर्षी तिच्या कमरेनं दगा दिला. चालवेना आणि घोडीवरही बसवेना. म्हाळूच्या भावांनी ठरवलं, म्हातारीनं यंदा घरी राहायचं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली, जेवण अर्ध्यावर आणलं आणि दिवस मावळताना कोकरं कोंडायच्या जाळीपाशी जाऊन बसायला लागली. म्हाळू दौंडला माझ्याकडे आला, चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "फिटर, आई हितं ऱ्हायली तर वाडा माघारी यीस्तवर ऱ्हायाची न्हाई." आणि मग तोच माणूस डोळे चमकवत म्हणाला, "म्हणून म्या गाडी घेतली."

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातला जुना डिझेल ट्रक. जड गाडीचं लायसन त्यानं आदल्या वर्षीच काढून ठेवलं होतं, गाडीचा पत्ता नसताना. दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून तो ट्रक वडगावात आणला त्या दिवशी मी रजा टाकून हजर होतो. काय रूप होतं! उंच, पुढं नाक काढलेला, हिरवा रंग उडालेला, दारावर पांढऱ्या आकड्यांचे पुसट ठसे, आणि टायर माझ्या छातीला लागतील एवढे. सगळं गाव गोळा झालं. पारूवहिनींनी ओवाळलं, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पोरांनी मागून ढकललं. लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या, म्हाळूनं ऐटीत ब्रेकवर पाय ठेवला... आणि गाडी पुढे चालतच राहिली. ओट्याला वळसा घालून, कोंबड्या उडवत, ती थेट कडब्याच्या गंजीत घुसली तेव्हा थांबली. गाव पोट धरून हसत होतं. म्हाळू कडबा झटकत खाली उतरला आणि म्हणाला, "बगा, आल्या आल्या वैरणीपाशी गेली. जातिवंत हाय." मी एकटाच हसत नव्हतो, कारण मला घाट दिसत होता.

त्याच ओट्यावर मी त्याला खडसावलं. मी चिडका माणूस आहे, हे माझी बायकोही मान्य करेल. म्हटलं, "आधी ही थांबली पाहिजे. मग नीट वळली पाहिजे. मग टायर, तेलपाणी, डिझेलची टाकी. मग इंजिन. रंग आणि हॉर्न सगळ्यात शेवटी." त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हॉर्न आधी न्हाई का जमायचा?" म्हाळूचं हे असं होतं. त्याच्या डोक्यात तो ट्रक आधीच हळदीच्या रंगात रंगून, भंडारा उधळत, वाजतगाजत कोकणात पोचलेला होता. रंगाचं एक वेळ समजू शकतो, मिलिटरीचा हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही. पण हॉर्न! मी पाठ फिरवताच त्यानं दौंडच्या बाजारातून सात सुरांचा हॉर्न आणला आणि स्वतःच जोडला. लष्कराच्या गाडीची वीज चोवीस व्होल्टची, हॉर्न बारा व्होल्टचा. त्यानं एकदाच अशी किंकाळी फोडली की बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली, आणि त्यातून धूर आला. "सूर मातर लई ग्वाड व्हता," म्हाळू नंतर कितीतरी वर्षं सांगत असे.

दिवाळीला थोडेच आठवडे राहिले होते. मला सुट्टी मिळेल तेव्हा मी नदी ओलांडून यायचो आणि आम्ही दोघं त्या गाडीखाली घुसायचो. चाकं उतरवली, ड्रम उघडले, गंजलेलं घासलं, ब्रेकचे पट्टे नवे ठोकले. हवेच्या फिल्टरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं निघालं. डिझेलची टाकी उलटी केली तर तळातून गंजाचा गाळ चहाच्या चोथ्यासारखा पडला. तेल बदललं, रेडिएटर धुतला, जिथे ग्रीस जाईल तिथे ग्रीस भरलं. प्रत्येक नट सुटला की म्हाळू ओट्यावर बसलेल्या आईला ओरडून सांगायचा, "आये, अजून एक सुटला!" आणि ती विचारायची, "आता बसवनार कवा?" इंजिन सुरू करायच्या आधी मी त्याला इंजिन बंद करायची दोरी ओढायला शिकवली, हे त्याला फार अपमानाचं वाटलं. "आरं, जलमायच्या आधीच मारतूस व्हय तिला?" पण ज्या दुपारी ते इंजिन पहिल्यांदा धडधडलं, काळा धूर सोडून, खोकून, मग एकदम एका लयीत लागलं, त्या दुपारचा आनंद मला पुन्हा रेल्वेत कधी मिळाला नाही. मेंढ्या उधळल्या, कुत्री भुंकली, म्हाळूनं मला गाडीभोवती ओढत फुगडीच घातली. आणि ठकाआईनं त्या दिवशी पोटभर भाकरी खाल्ली.

ब्रेकचं एक काम मात्र एकट्यानं होत नाही. नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढायची असते. एकानं वर बसून पायानं ब्रेक दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं खाली चाकापाशी झोपून हवा सोडायचं बारीक निपल सैल करायचं, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे आणि निपल घट्ट करायचं. ते घट्ट झाल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा पुन्हा आत, सगळं काम पाण्यात. मी त्याला तीनच शब्द शिकवले, दाब, धर, सोड. आणि बजावलं, "मी सोड म्हणल्याशिवाय सोडायचं नाही." पण म्हाळूला गप्प बसवत नव्हतं. रस्त्यानं कुणी गेलं की त्याला हाक मारायची आणि हाक मारताना ह्याचा पाय सुटायचा. मग घाईनं परत दाबला की खाली माझ्या तोंडावर तेल. मी शिव्या द्यायचो, तो वरून म्हणायचा, "चुकलं, फिटर. आता धरतो बग, मेलो तरी सोडत न्हाई." आणि परत सोडायचा. तरीही दिवस कलेपर्यंत पेडल टणक लागायला लागलं आणि गाडी ओट्यासमोर जागच्या जागी थांबली. मी निघताना त्याला समजावलं, "हे हायड्रोलिक ब्रेक आहेत. ब्रेकच्या डबीतलं तेल कमी झालं तर भरावं लागतं, तेवढं बघत राहा." आणि निर्धास्त मनानं ड्युटीवर गेलो.

चार दिवसांनी निरोप आला, गाडीनं पाय रोवलेत. गेलो तर खरंच, ट्रक भर रस्त्यात उभा, चारही चाकं जाम, पुढेही जाईना आणि मागेही. ड्रमला हात लावला तर चटका बसला. गावातल्या प्रत्येकाचं मत वेगळं. एका मामांचं म्हणणं, लिंबं उलटी ठेवली होती. म्हाळू माझ्याकडे मोठ्या अभिमानानं बघत म्हणाला, "तेल काय कमी पडू दिलं न्हाई गड्या. काठोकाठ भरलं." "कुठलं भरलंस?" मी विचारलं. "हायड्रोलिकच की. शेजारच्या ट्रॅक्टरचं. लिफ्टला घालत्यात त्येच. तूच म्हनलास नव्हं, हायड्रोलिक हाय म्हणून?" ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल वेगळं आणि ब्रेकचं वेगळं. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. साधं तेल ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात, आधी चाकं अडकतात आणि मग कधीतरी ब्रेक एकदम जातो. गावात हायड्रोलिक म्हणजे ट्रॅक्टरची लिफ्ट, दुसरं काय असणार? मी आजही म्हणतो, ती चूक म्हाळूची नव्हती, त्या शब्दाची होती. पण तेव्हा मी काय म्हणालो ते इथे छापता येणार नाही.

चाक खोलून मी आतलं रबर बाहेर काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटाच्या पेरापेक्षा थोडंसं मोठं, काळं, भिजलेल्या पापडासारखं लिबलिबीत. शेजारी जुनं चांगलं रबर ठेवलं. "हे एवढं असतं, हे एवढं झालंय," मी म्हणालो. "आज अडकलं म्हणून बरं. हेच घाटात निसटलं असतं तर?" तो त्या रबराकडे बघत राहिला. मग जाळीपाशी बसलेल्या आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा म्हाळू पाच मिनिटं काही बोलला नाही... ते बघून मीच घाबरलो आणि म्हणालो, "अरे, होईल. सगळी रबरं बदलू, नळ्या धुऊ, नव्यानं करू." तो हळूच म्हणाला, "वाडा निघायच्या आधी?" मी हो म्हणालो. कुठल्या भरवशावर म्हणालो, देव जाणे.

मग जी धांदल उडाली! मी पहाटेच्या गाडीनं पुणं गाठलं आणि जुन्या पार्टच्या दुकानांतून त्या मॉडेलची रबरं शोधत फिरलो. चौथ्या-पाचव्या दुकानात ती सापडली तेव्हा दुकानदाराला मिठी मारायची बाकी ठेवली. परत येतो तर म्हाळूनं मला न विचारता सगळी चाकं उतरवून, एकेक भाग कापडावर ओळीनं मांडून ठेवलेला. पारूवहिनी नळ्यांमधून स्पिरिट ओतून फुंकत होत्या. म्हाळूचे भाऊ, ज्यांनी म्हातारीला घरी ठेवायचं ठरवलं होतं, तेच आता पान्हे देत उभे. कुणी रंगाचं नाव काढत नव्हतं, हॉर्नचं तर नाहीच. आणि मग हवा काढायची वेळ आली. म्हाळू वर बसला. "दाब," मी म्हणालो. पेडल गेलं. "धर." वरून नुसता जिभेचा टक् असा आवाज आला, मेंढरांना थांबवताना धनगर करतात तसा. रस्त्यानं दोघं-तिघं हाका मारत गेले, ह्यानं उत्तर दिलं नाही. एका चाकापाशी निपलचा आटा बिघडलेला दिसला, तो नीट करून घट्ट करीपर्यंत बराच वेळ गेला, आणि सोड म्हणायचं मी विसरूनच गेलो. पुढच्या चाकाकडे सरकताना वर बघितलं तर म्हाळूचा पाय मांडीपासून लटलटत होता आणि कपाळावरून घाम गळत होता. "अरे, सोड की!" मी ओरडलो. त्यानं पाय उचलला आणि म्हणाला, "तू म्हनला नव्हतास."

नदीकडे उतरणारा रस्ता आमच्याकडे सगळ्यात तीव्र. तिथे चाचणी घ्यायची ठरली. म्हाळू चालवणार, मी शेजारी. तेवढ्यात ठकाआई काठी टेकत आली आणि म्हणाली, "मला बसवा." म्हाळू म्हणाला, "आये, आधी आमी बगतो." ती म्हणाली, "घाटात मीच बसनार ना? मग हितं का नगं?" तिला दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं, मांडीवर एक कोकरू. गाडी उताराला लागली, वेग घेऊ लागली, खाली भीमेचं पाणी चकाकत होतं. "आता," मी म्हणालो. म्हाळूनं पाय दाबला आणि ते सगळं धूड, तीन माणसं आणि एक कोकरू घेऊन, एकही चाक न घसरता जागेवर उभं राहिलं. वरच्या कडेला उभ्या गावानं असा काही गलका केला की पलीकडच्या काठावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. म्हाळू रडत होता आणि हसत होता. ठकाआई म्हणाली, "का थांबलास? चल की."

त्या दिवाळीनंतर ठकाआई वाड्याबरोबर गेली. ऐटीत, कोकरांच्या गराड्यात, हळदीच्या रंगाच्या ट्रकमधून, कारण शेवटच्या आठवड्यात रंग लागलाच. घाट उतरताना मी बरोबर होतो. म्हाळूनं खालच्या गियरमध्ये, मुंगीच्या चालीनं गाडी उतरवली. पायथ्याशी खाली उतरून एकेक ड्रमला तळहात लावला आणि मला म्हणाला, "कोमट." ठकाआईनं विचारलं, "झाला व्हय घाट? मला वाटलं अजून यायचाय." त्यानंतर ती आणखी काही वर्षं कोकणात जात राहिली आणि शेवटचे डोळे मिटले तेही वाड्यावरच, कोकणात, मेंढरांच्या आवाजात. ते फुगलेलं रबर म्हाळूनं भंडारा लावून केबिनमध्ये बांधलं होतं, लिंबू-मिरचीच्या जागी. शिरूरच्या बाजारात कुणी नवी गाडी हार घालून आणली की लोक विचारायचे, ॲव्हरेज किती देती? हा गर्दीत घुसून विचारायचा, "थांबती का?" त्यापायी एका जीपवाल्याशी त्याची हाणामारी व्हायची राहिली. पुढे मेंढ्या कमी झाल्या, वाडा जायचा थांबला, ट्रक कांदा आणि वऱ्हाडं वाहू लागला. पण दर दसऱ्याआधी मी वडगावला जायचो, तो वर बसायचा, मी खाली झोपायचो, आणि आम्ही ब्रेकची हवा काढायचो. हवा असो वा नसो. गाडीनं दगा दिलाच तर तो माझ्या हातातून सुटलेल्या कुठल्यातरी निपलमुळे असेल, अशी धास्ती मला असायची. त्याला मात्र कसलीच धास्ती नसे.

यंदा दसरा जवळ आला आणि पारूवहिनींचा फोन आला. "भावजी, ब्रेकचं ऱ्हायलंय." मी म्हणालो, "वहिनी, आता गाडी कोण चालवतंय?" त्या म्हणाल्या, "चालवाया कशाला पायजे? त्यांचा दसरा चुकायला नगं." मग गेलो. ट्रक ओट्याशेजारीच उभा होता, काचेआड ते काळं रबर लोंबत होतं. मी पोतं अंथरून खाली सरकलो. वर वहिनी चढून बसल्या. लुगडं सावरल्याचा आवाज आला. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "दाब." एकेरीच निघालं. पेडल गेलं. "धर," मी म्हणालो, आणि वरून जिभेचा टक् असा आवाज आला... त्याही धनगराच्याच घरातल्या. मी निपल सैल केलं. एकही बुडबुडा नव्हता, स्वच्छ तेल आलं. निपल घट्ट केलं. काम झालं होतं. फक्त एक शब्द म्हणायचा राहिला होता आणि तो काही माझ्या तोंडातून निघेना. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "भावजी, सोडू का?"

"नका," मी म्हणालो. "जरा धरून ठेवा."